आधी पोट की आधी झाडं?

रानभूल: ‘आधी पोटं भरा, मग झाडं मोजा, जंगल तोडल्याशिवाय गरिबी हटत नाही’ हे ‘हिशेबी’ यांचं कालचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनची तोड २००४ साली सुमारे २७,७०० चौ.किमी. होती, २०१२ला साडेचार हजारांवर आली. त्याच काळात तिथलं सोयाबीन वाढलं! आणि ते पिकतं त्या पावसातला मोठा वाटा जंगलानेच हवेत सोडलेल्या बाष्पाचा. पाऊस हुकला की आधी गरीबच मरतो. त्याच्याकडे ना पंप, ना विमा.

हिशेबी: २०१२नंतर तोड पुन्हा वाढली, ते सोयीस्कर गाळलंत. मी आईबरोबर मोळ्या वाहिल्यात. मानेत काटकी रुतते तेव्हा कार्बन आठवत नाही.

रानभूल: अ‍ॅमेझॉन मोळीने नाही संपत, साहेब. गुरांच्या कुरणांनी संपतं.

खड्डेमोजणी: वृक्षलागवडीचा विषय अजून कसा निघाला नाही? दोन पावसाळे रोपं मोजायच्या कामावर होतो. खड्डे गेल्या वर्षीचेच, रोपं नवी. काही तर काळी पिशवी न फाडताच पुरलेली. कागदावर मात्र घनदाट!

हिशेबी: निलगिरीच्या रांगांना जंगल म्हणणाऱ्यांनी वाचावं हे.

रानभूल: मी कधी म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका.

बांधकरी: निलगिरीला सगळेच झोडपतात. आमच्या बांधावरची निलगिरी विकून बहिणीची फी भरली. बोला आता.

खड्डेमोजणी: बांधावर खुशाल लावा हो! गवताळ माळ नांगरून लावू नका. तिथला बहुतेक कार्बन मातीत असतो, तोच उकरून वर झाडं लावायची म्हणजे कमाल आहे.

बांधकरी: माळ आमच्याकडे नाहीच. उगाच ओरडू नका.

रानभूल: निलगिरी पुरे! नायजरमध्ये शेतकऱ्यांनी रोपं लावलीच नाहीत. शेतातल्या जिवंत खुंटांचे धुमारे राखले. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली. झाड सरकारचं न वाटता आपलं वाटायला लागलं, तेव्हा. सरपण घरचं, चारा घरचा.

हिशेबी: हे आधी लिहिलं असतंत तर एवढं भांडण वाचलं असतं. झाड त्याचं असेल तर माझी हरकत नाही, घ्या. पण कोस्टा रिकात १९९७पासून जंगल राखायचे पैसे देतात, ते सुरुवातीला जमिनीचा कागद असणाऱ्यालाच. भूमिहीनाने काय राखायचं?

खड्डेमोजणी: त्याला रोपं मोजायला ठेवा. रोजंदारी मिळते. रोप नसलं तरी मिळते.