फॅसिझमविरोध म्हणजे नेमकं करायचं काय? (नॉर्वे, १९४२)

गारगोटी: नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेत त्यांच्या बाजूने सरकार चालवणाऱ्या क्विस्लिंगला तिथल्या शिक्षकांनी नमवलं, असं वारंवार वाचनात येतं. पण "एकजूट दाखवली" याच्यापुढे कोणी सांगत नाही. त्यांनी केलं काय? आणि सरळ सह्यांचं निवेदन का नाही दिलं?

पाटीपेन्सिल: ५ फेब्रुवारी १९४२ला कायदे आले: १० ते १८ वयाच्या मुलांना क्विस्लिंगच्या पक्षाची युवक संघटना सक्तीची, शिक्षकांना सरकारी संघ सक्तीचा. गप्प बसणं म्हणजे मान्यताच, म्हणून नकार लेखी हवा होता.

ओस्लोतल्या गुप्त गटाने मोजक्या ओळींचा मजकूर ठरवला: युवक संघटनेच्या धोरणाप्रमाणे शिकवणं माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही, आणि मी स्वतःला या संघाचा सदस्य मानत नाही. २० फेब्रुवारीला प्रत्येकाने आपापल्या सहीने स्वतंत्र पत्र टाकलं. देशात १२ हजारांच्या आसपास शिक्षक होते, त्यांतल्या ८ हजारांहून जास्त जणांनी असं पत्र पाठवलं.

निवेदनात पहिल्या चार सह्या करणाऱ्यांना उचललं की बाकीचे पांगतात. इथे मजकूर सगळ्यांचा एकच, पण म्होरक्या कुठे दिसत नाही.

सरकारने 'इंधनटंचाई'चं कारण काढून महिनाभर शाळा बंद ठेवल्या. ती चूक त्यांना नडली, कारण घरी बसलेल्या मुलांमुळे बातमी गावोगाव पोचली आणि पालकांच्या पत्रांचाही ढीग पडला. मग हजारभर शिक्षकांना अटक झाली. त्यांतले सुमारे ५०० 'शेर्स्टाड' या जहाजात कोंबून आर्क्टिकमधल्या किर्केनेसला मजुरीला धाडले. पगार थांबलेल्यांच्या घरी लोकांनी वर्गणी काढून पैसे पोचवले. हा भाग सगळे विसरतात, पण चूल बंद पडली की माघार ठरलेली. नोव्हेंबरपर्यंत सगळे परतले. संघ कागदावरच राहिला.

दवंडी: एक भर. हे एका रात्रीत जमलं नव्हतं. नकाराचे चार मुद्दे आधीच ठरले होते: पक्षात जायचं नाही, वर्गात प्रचार नाही, शाळेबाहेरच्यांचे हुकूम नाहीत, युवक संघटनेला मदत नाही. कुठे अडायचं हे आधी पाठ असलं, की ऐनवेळी चर्चा लागत नाही.

रिकामी खुर्ची: "नमवलं" हे जपून म्हणा. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला 'डोनाउ' जहाजातून ५००हून अधिक ज्यूंना ओस्लोहून नेलं, तेही नॉर्वेच्याच पोलिसांच्या हातून. शिक्षकांची साखळी व्यवसायाच्या ओळखीवर उभी होती. पोलिसांत तशी साखळी नव्हती. निम्म्याहून जास्त ज्यू वाचले ते स्वीडनच्या सीमेपलीकडे पोचवले गेल्यामुळे, आणि तिथे पत्रं नव्हे, वाटाडे लागले.