नोटीस आल्यावर सभासद झालेल्यासाठी संघटनेने चौकशीला जावं का?

खडूची भुकटी:
आमच्या शिक्षक संघटनेच्या शाखेत यावरून चांगलंच वाजलंय, म्हणून इथे विचारते. एका सहकाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस आली. वर्गणीचा विषय निघाला की हे गृहस्थ "संघटना करते काय?" म्हणून हसायचे. नोटीस हातात पडली त्याच संध्याकाळी सभासदत्वाचा अर्ज भरला, आणि आता "चौकशीला माझ्यासोबत कोण येणार?" माझं मत स्पष्ट आहे: कोणीही जाऊ नये. खुलाशाचा मसुदा वाचून द्यावा फार तर.

मी हे रागाने म्हणत नाहीये. दोन वर्षांपूर्वी मलाही "जरा दोन मिनिटं येऊन जा" असा निरोप आला होता. मी शाखेच्या बाईंना सोबत नेलं. त्यांनी आधी वही उघडून तारीख आणि वेळ लिहिली, मग शांतपणे विचारलं, "ही चर्चा आहे की चौकशी?" समोरचे क्षणभर गप्प. पुढे एक टाइप केलेला कागद सरकवला, "इथे सही करा." मी पेन उचललंसुद्धा होतं. बाईंनी कागदावर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाचायला वेळ द्या, आणि एक प्रत द्या." तिसऱ्या ओळीत 'चूक मान्य आहे' असं होतं. त्या बाई तिथे होत्या, कारण त्यांना शिकवायला, त्यांचे तास सांभाळायला इतरांनी वर्षानुवर्षं पैसे आणि वेळ दिला होता.

शेवटचा बाक:
तुमचा अनुभव वाचून तर मला उलटंच वाटतं. तो हात त्या माणसाच्या कागदावर नको का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी ५ ऑक्टोबर १९६६ ला शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस स्वीकारली. तिच्यात शिस्तभंगाच्या कारवाईबद्दल सरळ लिहिलंय: आरोप आणि त्यांची कारणं लेखी मिळावीत, पुरावा पूर्ण पाहता यावा, आपल्या पसंतीचा प्रतिनिधी नेता यावा, तयारीला वेळ मिळावा, निर्णय कारणांसह लेखी यावा, वर अपील असावं. आणि हे 'प्रत्येक शिक्षकाला' म्हटलंय. पावती फाडलेल्या शिक्षकाला नव्हे.

खडूची भुकटी:
हक्क त्यांचा आहेच, पण तो संस्थाचालकांपुढे मांडायचा हक्क आहे. प्रतिनिधी पुरवायचं बंधन शाखेवर कुठे आलं? ब्रिटनमधल्या शिक्षक संघटना साधारणपणे सभासद होण्याआधीच्या प्रकरणात हात घालत नाहीत. पाणी घरात शिरल्यावर पुराचा विमा कोणी देतं का?

डस्टर:
विम्याची उपमाच मला खटकते. विमा कंपनीला शेजाऱ्याच्या घराचं काही पडलेलं नसतं, संघटनेला असायला हवं. आज या माणसावर चुकीची पद्धत खपली की उद्या तीच सभासदावर वापरणार.

बाकी अमेरिकेतला पेच बघा. जिथे वाटाघाटींचा अधिकार एकाच संघटनेकडे असतो, तिथे ती बिगरसभासदांशी पक्षपात करू शकत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीतल्या, म्हणजे सरकारी शाळांतल्या शिक्षकांसह, बिगरसभासदांकडून सक्तीने शुल्क घेणंही बंद केलं. म्हणजे बाजू सगळ्यांची राखायची, पैसे मात्र देतील त्यांचेच. तरी संघटना चालू आहेत.

पालकही आहे मी:
मी शिक्षक नाही, घरात शिक्षक आहेत. कटू बोलतो. बाहेरून बघणाऱ्याला संघटना म्हणजे कामचुकारांची ढाल वाटते. सभासद कोण, बिगरसभासद कोण यावर एवढी चर्चा, पण त्या माणसाने खरंच चूक केली असेल तर? वर्गातल्या मुलांच्या बाजूने चौकशीत कोण बसतं?

डस्टर:
प्रश्न रास्त आहे. पण सोबत बसणारा म्हणजे वकील नव्हे. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्यात सोबत्याला बाजू मांडता येते, कर्मचाऱ्याशी सल्लामसलत करता येते, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वतीने देता येत नाही. उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. उलट घाईत, अर्धवट कागदांवर काढून टाकलेला माणूस अपिलात परत येतो, आणि मग खरोखर दोषी असला तरी हलवता येत नाही. चौकशी नीट होण्यात मुलांचंही हित आहे.

जाता जाता: अमेरिकेत चौकशीच्या मुलाखतीला प्रतिनिधी नेण्याचा हक्क १९७५ च्या निकालाने पक्का झाला. खटला एका दुकानातल्या कर्मचारी बाईचा होता, शिक्षिकेचा नव्हे. त्यातली मेख अशी की, हक्क आपणहून मागावा लागतो. "तुम्हाला कोणाला आणायचंय का?" असं मालक विचारत बसत नाही. इथे किती जणांनी कधी मागितलाय?

मधली सुट्टी:
तुम्ही सगळे सोप्या प्रकरणावर भांडताय. तक्रार करणारी सभासद आणि जिच्यावर तक्रार तीही सभासद, तेव्हा काय? मी स्टाफरूममधल्या सततच्या टोमण्यांबद्दल तक्रार घेऊन शाखेत गेले. "आपापसात मिटवा" म्हणाले. कारण समोरची व्यक्ती पदाधिकारी होती! इतकी वर्षं वर्गणी भरून माझ्यासोबत कोणी बसलं नाही. त्यामुळे 'वर्गणी भरली म्हणजे आधार मिळाला' हे गणित मला कोणी शिकवू नये.

खडूची भुकटी:
मधली सुट्टी, हे वाचून वाईट वाटलं. अशा वेळी दोघींना दोन वेगळे प्रतिनिधी द्यायला हवे होते, त्या प्रकरणाबद्दल एकमेकांशी न बोलणारे, आणि पदाधिकारीबाईंनी तेवढ्यापुरतं बाजूला व्हायला हवं होतं. आमच्या शाखेत असं काही लिहून ठेवलेलं नाही, हे आत्ता लक्षात आलं.

डस्टर यांचं 'उद्या सभासदावर' पटलं, अर्धं. शुक्रवारच्या बैठकीत मी असं मांडणार आहे: नवीन सभासदाला कागद तपासून द्यायचे, मुदती सांगायच्या, चौकशीत पद्धत मोडली जातेय असं दिसलं तर शाखेचं लेखी पत्रही द्यायचं. सोबत बसायला मात्र पदाधिकारी नाही, कोणी सहकारी स्वतःहून गेला तर जाऊ दे.

शेवटचा बाक:
आणि कोणीच गेलं नाही तर?

खडूची भुकटी:
तर मीच जाईन बहुतेक. वही घेऊन. पण शाखेचं नाव न लावता, आणि वर्षभराची वर्गणी आधी भरून घेऊन!