मदत हवी आहे: बीफ काळपट जांभळं दिसतंय, टाकून देऊ का?

लगबग: दोन पाकिटं आणलीत. एक लालबुंद, दुसरं काळपट जांभळं. तारीख दोन्हींची शिल्लक आहे. काळं खराब झालंय की म्हाताऱ्या जनावराचं आहे? लवकर सांगा, संध्याकाळी शिजवायचंय.

रानवारा: पाकीट कसलं? वास? बोटाला चिकट लागतंय का? काहीच लिहिलेलं नाही.

जुनाजाणता: वय! दुसरं काही नाही. रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत प्राणवायू धरून ठेवणाऱ्या लोहयुक्त प्रथिनाचा, आणि ते वयाबरोबर वाढतं. कोवळ्या वासरात ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, वाढलेल्या जनावरात ८ च्या आसपास, म्हाताऱ्यात १८ किंवा जास्त. मांस चिवट असणार, सरळ कुकरला लावा.

अवकाळी: कुकरचं कुणी विचारलंय? वयाने छटा गडद होते, पण लाल की जांभळं हे प्राणवायूवर ठरतं. पाकिटाचं सांगा हो.

लगबग: प्लास्टिकचंच, अजून कसलं असणार! काळ्याचं प्लास्टिक मांसाला गच्च चिकटलंय. लाल आहे ते ट्रेमध्ये, वर पातळ कागद.

अवकाळी: मग झालं की! गच्च आहे ते व्हॅक्यूम पॅक. आत प्राणवायू नाही म्हणून जांभळं. पातळ कागदातून हवा आत जाते म्हणून ट्रेमधलं लाल. उघडून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा, लाली येईल. तेच लाल मांस काही दिवसांनी तपकिरी होतं, मायोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडाइज होतं म्हणून.

जुनाजाणता: आणि नाही आली लाली तर?

अवकाळी: तर तुम्ही म्हणता ते जनावराचं वय, किंवा कापण्याआधी जनावराची दमछाक झालेली. स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलं की आम्ल पुरेसं तयार होत नाही. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.४ ते ५.७ पर्यंत उतरायचा तो ६ च्या वर राहतो. असं मांस तरुण जनावराचं असलं तरी काळंच दिसतं, आणि टिकतंही कमी.

भोचक: माझा खिमा वरून लाल, आतून करडा. जुना माल मिसळलाय ना?

रानवारा: तेवढ्यावरून म्हणता येत नाही. आतपर्यंत हवा पोचत नाही.

सप्तरंग: कापलेल्या तुकड्यावर हिरवट चमक दिसली तर घाबरू नका, स्नायूच्या तंतूंवरून प्रकाश तसा फाकतो.

लगबग: हिरवट नाहीये!! उघडलं. आधी आंबूस वास आला, थोड्या वेळात गेला. चिकट नाही. वरची बाजू लाल होतेय, घडीत दबलेला भाग अजून जांभळाच.

रानवारा: वास गेला म्हणजे कोंडलेला होता. राहिला असता तर टाका म्हटलं असतं. शिजवा.

लगबग: आतून तपकिरी झालं की शिजलं ना? थोड्याचा खिमा करतेय.

रानवारा: नाही! रंगावर जाऊ नका. जास्त प्राणवायू भरलेल्या पाकिटातलं मांस पुरतं शिजण्याआधीच तपकिरी दिसतं. खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस, थर्मामीटर लावून.

लगबग: थर्मामीटर नाहीये. कुठला चांगला?

भोचक: त्यासाठी वेगळा धागा काढा, मलाही घ्यायचाय.