घरघरणारी गिटार, मुंबईचा बँड: तुम्हाला कधी सापडला?

ॲटॉमिक फॉरेस्ट. सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड, अल्बम 'ऑब्सेशन 77'. परवा यूट्यूबने आपणहून समोर टाकला आणि गिटार अशी घरघरायला लागली की मला वाटलं इअरफोन गेला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कळलं, ही करामत मुद्दामची आहे! अल्बम बाजारात आला तोवर बँड मोडला होता म्हणे. 2011 साली अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या रेकॉर्ड कंपनीने तो पुन्हा काढला. आपल्याकडे मात्र नाव घेणारे मोजके. कुणी ऐकलाय? हाच हवा असं नाही, आपल्या शहरातला असा कुठलाही खरखरीत बँड चालेल. लिहा सविस्तर.

गिरगावकर: अल्बम नाही, पण त्यांचा गायक मधुकर चंद्र धस रंगमंचावर पाहिलाय. 1974, अलेक पदमसींनी बसवलेलं इंग्रजी संगीत नाटक 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'. धस जीझस आणि ज्यूडास आमचा नंदू भेंडे! आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा, घरात सगळं मराठी नाटक आणि पोरगा रॉकवाला. अर्धे इंग्रजी शब्द डोक्यावरून गेले, पण त्याचा आवाज टिपेला चढला की अंगावर काटा यायचा. पुढे 1978 मध्ये 'तीन पैशाचा तमाशा'त तोच आवाज मराठीत ऐकला. पुलंचे शब्द आणि त्यावर रॉक! आमच्या मातोश्री म्हणाल्या, "भेंड्यांचा ना हा? मग एवढा ओरडतो कशाला?" कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये बँड वाजायचे, ते आमच्या खिशाबाहेरचं.

सोल्डरवाला: त्या घरघरीला फझ म्हणतात. गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की लाटेचे शेंडे छाटलेच जावेत. त्याचं यंत्र मी घरी बनवलंय. जर्मेनियमचा एसी 128 ट्रान्झिस्टर लागतो, तो एके काळी आपल्या बेलचाच (भारत इलेक्ट्रॉनिक्स) यायचा, रेडिओसाठी. लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात हुडकावा लागतो आणि दहातले चार गळके, म्हणजे वीज गळणारे, निघतात. गंमत म्हणजे उन्हाळ्यात हे यंत्र बिघडल्यासारखं वाजतं, कारण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. मुंबईच्या मे महिन्यात फझ वाजवणाऱ्याला माझा दंडवत. आणि नऊ व्होल्टची बॅटरी अर्धी उतरली की सूर फुटत फुटत मरतो. काहींना तोच आवाज हवा असतो, मलाही.

स्पष्टवक्ता: सगळेच भारावलेत म्हणून लिहितो. निम्मा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे, 'मेरी लाँग' तर सरळ डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं. दुर्मीळ म्हणून संग्राहकांनी डोक्यावर घेतलाय. शीर्षकाचा तुकडा मात्र अस्सल, तेवढं कबूल.

ठाणेकरीण: मी जरा अलीकडची. लाइटइयर्स एक्स्प्लोडचा 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण', 2013. मुंबईचीच पोरं. नाव वाचूनच लावला, हसत हसत. धाकट्या भावाने हेडफोन पळवला तो आजतागायत दिला नाही. आमच्याकडे लोकलने कामावर जाणाऱ्यांसाठी असलं संगीत कुणी करतं हेच तेव्हा माहीत नव्हतं!

धागाकर्ता: स्पष्टवक्ता, उसनी गाणी वाजवणं तेव्हाच्या बहुतेक बँडांची रीतच होती, पण मुद्दा मान्य. गिरगावकर काका, त्या नाटकाचं तिकीट किंवा पत्रक जपलंय का? असेल तर फोटो टाकाच.