गावात मधमाशीपालनाचे मंडळ सुरू करायचे आहे : पेट्या वाटून घ्याव्यात की एकत्र ठेवाव्यात?

प्रश्न (अंबड तालुका, जि. जालना)

नमस्कार. आमच्या गावातील मोसंबी, तूर आणि कापूस घेणारे काही शेतकरी आणि महिला बचत गटातील काही सदस्या मिळून मधमाशीपालन शिकण्यासाठी एक मंडळ सुरू करण्याच्या विचारात आहोत. विहिरीच्या कपारीत किंवा वडावर बसलेले आग्या मोहोळ धूर करून झाडणे, यापलीकडे आमच्यापैकी कोणालाही अनुभव नाही. प्रत्येकाने स्वतःच्या शेतात दोन-दोन पेट्या ठेवाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. तर सुरुवातीला सर्व पेट्या एकाच बांधावर असाव्यात, असा इतरांचा आग्रह आहे. मंडळाच्या बैठकीत नेमके काय शिकावे, सातेरी ही देशी माशी घ्यावी की मेलिफेरा ही युरोपीय, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात या माश्या टिकवायच्या कशा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (परभणी)

पेट्या वाटून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वसाहतच (पेटीतील माश्यांचे कुटुंब) अशक्त आहे की सगळीकडे फुलोरा कमी आहे, हे शेजारच्या पेटीशी ताडून पाहिल्याशिवाय नवख्या माणसाला उमगत नाही. चार-पाच पेट्या एखाद्या कडुलिंबाच्या किंवा करंजाच्या सावलीत एकत्र ठेवल्या, तर महिन्यातून दोन वेळा सर्वांनी जमून त्या उघडाव्यात आणि मगच सावकाश प्रत्येकाने आपापली वाट धरावी.

जातीचे म्हणाल तर आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि पेटीत नांदत नाही, त्यामुळे तो विचार सोडावा. सातेरी आपली देशी माशी खरी, पण मैदानी भागात उष्मा वाढला आणि फुले आटली की ती पेटी सोडून निघून जाते. मेलिफेरा त्या मानाने स्थिर असते. मात्र तिची वसाहत मोठी असल्याने खाणेही मोठे, म्हणून टंचाईत साखरेचा पाक देणे आणि पिकांच्या मागे पेट्या हलवणे हे गृहीत धरावे लागते. दिवाळीच्या सुमारास तूर, पुढे करडई आणि सूर्यफूल, संक्रांतीनंतर आंबे बहराची मोसंबी आणि चैत्रात कडुलिंब, असा फुलोऱ्याचा क्रम आपल्याकडे ढोबळमानाने सांगता येतो. मंडळाने आपल्या शिवारापुरता तो स्वतःच्या वहीत तारखांसह उतरवावा, कारण पाऊस मागे-पुढे झाला की हा क्रमही सरकतो.

बैठकीत भाषणे कमी आणि चौकटी (पेटीतील पोळे धरणाऱ्या लाकडी पट्ट्या) जास्त असाव्यात. एकाने चौकट हाताळावी, दुसऱ्याने जे दिसते ते मोठ्याने सांगावे आणि तिसऱ्याने टिपावे. चौकट उचलताना सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे उजेड खांद्यावरून पोळ्यातील घरांच्या तळापर्यंत पोहोचतो. पहिल्या दिवसाचे अंडे तळाशी उभे चिकटलेले असते, दुसऱ्या दिवशी ते कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते. त्यामुळे राणी प्रत्यक्ष सापडली नाही, तरी उभी अंडी दिसली की ती काल-परवापर्यंत पेटीत होती, हे निश्चित समजावे. राणी शोधण्याच्या हौसेपायी पेटी अर्धा तास उघडी ठेवणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्याची काही गरज नसते. एकाच घरात अनेक अंडी असतील आणि तीही भिंतींना चिकटलेली असतील, तर राणी नसून कामकरी माश्या अंडी घालत असाव्यात, अशी शंका घ्यावी. नुकतीच अंडी घालू लागलेली तरुण राणीही क्वचित एका घरात दोन अंडी घालते, म्हणून आठवड्याने पुन्हा पाहून मगच निर्णय करावा.

रीतसर प्रशिक्षणासाठी महाबळेश्वर येथील मध संचालनालय आणि १९६२ पासून कार्यरत असलेली पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी. मंडळातील दोघा-तिघांना तरी आधी शिकून येऊ द्यावे आणि पेट्या त्यानंतरच विकत घ्याव्यात.

उत्तर (भोकरदन तालुका, जि. जालना)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु आपल्या जिल्ह्यात मधापेक्षा परागीभवनाचा विचार आधी व्हावा, असे मला वाटते. आम्ही कांद्याचे बीजोत्पादन घेतो. कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि त्याच फुलातील स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरून पराग आणणारी माशी नसेल तर बी भरत नाही. शिवाय कांद्याचा मकरंद माश्यांना फारसा आवडत नाही. पेट्या फार लवकर आणून ठेवल्या, तर माश्या शेजारच्या मोहरीकडे किंवा करडईकडे वळतात आणि मग तेथेच जात राहतात. म्हणून सुमारे दहा टक्के फुलांचे गोंडे उमलल्यावरच पेट्या शेतात आणाव्यात. सूर्यफुलासाठी हेक्टरी चार ते पाच पेट्यांची शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. आपल्या सदस्यांपैकी कोणी बीजोत्पादन घेत असेल, तर मंडळाचे पहिले उत्पन्न पेट्यांच्या भाड्यातून येऊ शकते. मधाच्या बाटल्यांची घाई करू नये.

उत्तर (औसा तालुका, जि. लातूर)

आमच्या महिला गटाकडे सामाईक पेट्या आहेत, म्हणून उन्हाळ्याविषयी लिहिते. पिलाव्याभोवती (पोळ्यातील अंडी-अळ्यांभोवती) सुमारे पस्तीस अंश तापमान राखण्यासाठी माश्या पाणी आणून पेटीत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. बाहेर पारा बेचाळीसच्या वर गेला की त्यांची बरीचशी शक्ती या कामातच खर्च होते. म्हणून पेटीपासून थोड्या अंतरावर सावलीत पसरट परात ठेवावी आणि माश्यांना बसता यावे यासाठी तीत खडे किंवा गोणपाटाचा तुकडा घालावा. परात एकदा ठेवली की ती कोरडी पडू देऊ नये, नाहीतर माश्या हातपंपावर आणि घरातल्या रांजणावर येऊ लागतात आणि गावात तक्रारी सुरू होतात. पाणी भरण्याची पाळी ठरवणे हेच आमच्या एप्रिल-मेच्या बैठकीतले मुख्य काम असते.

पाक संध्याकाळीच द्यावा आणि तो सांडू देऊ नये. दिवसा त्याचा वास सुटला की सशक्त वसाहत अशक्त वसाहतीला लुटते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात मात्र खरा शत्रू मेणकिडा असतो. माश्यांनी व्यापलेली नसतील अशी पोळी मृगापूर्वीच पेटीतून काढून घ्यावीत, कारण रिकाम्या पोळ्यात अळीचे जाळे एकदा पसरले की चौकट वाचत नाही.

मध काढण्याची घाई करू नये, हे मात्र खरे. चौकट आडवी धरून हलकासा झटका द्यावा. थेंब उडाले तर मध कच्चा आहे. अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे मधात पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, आणि बहुतेक घरे मेणाने बंद झालेल्या चौकटीच काढल्या तर या मर्यादेत राहणे सोपे जाते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पेट्या एकाच बांधावर ठेवण्याचे आता जवळपास ठरले आहे. एक अडचण मात्र उरते. तूर फुलात असतानाच शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावी लागते आणि ज्यांची शेते पेट्यांना लागून आहेत, त्यांपैकी निम्मे लोक मंडळात नाहीत. त्यांना फवारणी करू नका, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

उत्तर (भोकरदन तालुका, जि. जालना)

तसे सांगूच नये; त्यांचे पीक त्यांना वाचवायचे आहे. विनंती वेळेपुरती करावी. माश्या दिवसभर फुलांवर असतात आणि दिवस मावळताना पेटीत परततात, म्हणून फवारणी त्यानंतर केली तर औषध सुकायला रात्र मिळते. भुकटीच्या स्वरूपातील कीटकनाशक मात्र संध्याकाळीही टाळायला सांगावे, कारण ती परागासारखी अंगाला चिकटून पेटीत जाते. आमच्याकडे शेजारी आदल्या दिवशी फोन करतात आणि आम्ही अंधार पडल्यावर पेट्यांच्या दारांना जाळी लावतो. वरचे झाकण किंचित उचलून हवा खेळती ठेवली आणि आत पाणी दिले, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माश्या कोंडून ठेवता येतात. उन्हाळ्यात मात्र असे करू नये, गुदमरून सगळी वसाहत मरते. अशा वेळी पेट्या रात्रीच दोन-तीन किलोमीटरपेक्षा दूर हलवाव्यात, कारण त्याहून जवळ नेल्यास कामकरी माश्या जुन्या जागीच परत येतात.

आणि मंडळात नसलेल्या शेजाऱ्यांना पहिल्या तपासणीच्या दिवशी चहाला बोलवा. जाळीचा बुरखा घालून चौकट पाहिलेला माणूस पुढच्या वेळी फोन करायला विसरत नाही, असा आमच्या शिवारातला अनुभव आहे.