मेनोनाइट शाळेत श्रद्धा आणि विषय यांची सांगड कशी घालतात?

पाठटाचण: एम.एड.साठी अमेरिकेतल्या मेनोनाइट (युद्धात भाग घ्यायला नकार देणारा एक ख्रिस्ती पंथ) शिक्षणावर काम चालू आहे. ‘श्रद्धा आणि अभ्यास यांची सांगड’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण जीवशास्त्राच्या तासाला म्हणजे नेमकं काय करायचं? आणि गुण कशाला द्यायचे?

खडूफळा: आधी बायबलवचन आणि मग नेहमीचा धडा, ही सांगड नव्हे. वचन एकीकडे राहतं, धडा दुसरीकडे. प्रश्न विषयाच्या पोटातून निघायला हवा.

चयापचय शिकवताना मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५चा उपासमारीचा प्रयोग घ्या. ३६ स्वयंसेवक, सगळे शस्त्र धरायला नकार दिलेले. मेनोनाइटही त्यांत होते. आधी रोज साधारण ३,२०० कॅलरी, मग २४ आठवडे सुमारे १,५७०. मुलांना हिशेब करू द्या: रोजची तूट १,६३०, दिवस १६८, एका किलोला ७,७०० कॅलरी धरल्या तर साधारण ३५.५ किलो घटायला हवेत. प्रत्यक्षात सरासरी १७च्या आसपास घटले. का? शरीर खर्च आवरतं, हालचाल मंदावते आणि अंगावर सूज येऊन पाणी साठतं, त्यामुळे काटा खरी घट दाखवत नाही. यातच एक तासिका जाते, जाऊ द्या.

दुसऱ्या तासिकेला संमती. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे कळावं म्हणून ही माणसं उपाशी राहिली. पण सैन्याऐवजी सक्तीच्या नागरी सेवेत असलेल्याचा होकार कितपत मोकळा? हा प्रश्न घाईने उरकू नका.

समास: गुणांबद्दल. १५२५मध्ये झुरिकला या पंथाची सुरुवातच मोठ्या वयात, समजून-उमजून घेतलेल्या बाप्तिस्म्यापासून झाली. श्रद्धेची सक्ती नको म्हणणाऱ्यांनी श्रद्धेला गुण देणं हा त्यांच्याच शिकवणुकीचा भंग आहे. शिवाय या शाळांत इतर पंथांची मुलंही असतात. गुण दिले की शिक्षकांना आवडेल तेच लिहून मिळतं. २० गुण असे वाटा: हिशेब आणि आलेख १०, पुराव्यावरून कारणमीमांसा ६, न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडणं ४. स्वतःच्या मताला शून्य.

वाटसरू: कॉलेज पातळीवर इंडियानातल्या गोशेन कॉलेजचं १९६८पासूनचं अभ्यास-सेवा सत्र पाहा. मूळ रचनेत परदेशात यजमान कुटुंबात राहून आधी भाषा आणि समाजाचा अभ्यास, नंतर सेवा. क्रम उलटा केला तर मुलं मदत करायला जातात आणि समोरच्याचं म्हणणंच त्यांना कळत नाही.