राज्याभिषेकाचा देखावा : कॅलेंडरवरचं चित्र कितपत धरायचं?

देखावेवाला
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाने शिवराज्याभिषेकाचा देखावा ठरवलाय. मूर्ती फायबरच्या येणार, मागचा पडदा आणि सिंहासन माझ्याकडे. अध्यक्षांनी एक कॅलेंडर हातात ठेवलं आणि म्हणाले, "हेच पाहिजे, कानामात्रा बदलायची नाही." त्या चित्रात संगमरवरी खांब आहेत, वर बिलोरी झुंबर आहे, शेजारी जिजाऊ बसल्यात आणि खाली एक इंग्रज गुडघे टेकून. झुंबर बघून माझं डोकंच फिरलं. जाणकारांनी सांगा, त्या दिवशी समोर बसून कुणी काढलेलं चित्र आहे का? नसेल तर ही चित्रं कशाच्या आधारावर काढतात? त्यातलं काय ठेवू, काय उडवू? जरा जपून सांगा, अध्यक्ष माझे सख्खे मेहुणे आहेत.

बोरूबहाद्दर
देखावेवाले, सोहळ्याचं समोर बसून काढलेलं चित्र नाही. महाराजांची त्या काळातली चित्रं आहेत. इटालियन प्रवासी मनुचीने चित्रकार मीर मुहम्मदकडून काढून घेतलेलं, घोड्यावरचं, पॅरिसला आहे. काही डच संग्रहांत आहेत. चेहरा, पगडीतला तुरा, पायघोळ जामा, कमरेचा शेला हे त्यांवरून बिनधास्त घ्या. पण दरबार त्यांत कुठेच नाही. आपण घराघरांत पाहतो ते दरबार फार नंतरच्या चित्रकारांचे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्या नजरेने सांगतो, ते खांब आणि त्या मखमली झालरी थेट संगीत नाटकाच्या पडद्यावरून उतरल्यात. हे माझं मत, पटलं तर घ्या.

मग आधार कशाचा? लेखी वर्णनांचा, आणि त्यातही डोळ्यांनी पाहणाऱ्याचं एक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन व्यापाराच्या सवलती आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागायला आला होता. ६ जून १६७४ ला सकाळी सात-आठच्या सुमारास तो दरबारात गेला. ही व्यापारी माणसं, कुठली वस्तू किती मोलाची हे बघायची सवय असलेली. म्हणून त्याची नोंद तुमच्या कामाची आहे.

सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी मुलाम्याच्या भाल्यांवर राजचिन्हं लटकवलेली होती, असं तो लिहितो. उजवीकडे सोन्याची दोन मोठी मत्स्यमुखं, मोठाल्या दातांची. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भारी भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. मासा म्हणजे मुघलांच्या माही-मरातबातलं मानचिन्ह, तराजू म्हणजे न्याय. आता तुमच्या कॅलेंडरवर बघा, मासे आहेत का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चित्रांत ते नसतात, आणि सिंहासनाला सिंह मात्र ठळक. देखाव्यात आधी मासे करा. पोरं विचारतील हे काय, म्हणजे अर्धं काम झालं.

दुसरं, बसलंय कोण? ऑक्झिंडेनच्या नोंदीत सिंहासनाखालच्या चौथऱ्यावर संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण, एवढेच. बाकीचे सरदार अदबीने उभे. दोन्हीकडे रांगेने आसनं मांडू नका, मूर्ती उभ्या मागवा.

इंग्रजाचं म्हणाल तर त्याने लांबूनच मुजरा केला. दुभाष्या नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसावी म्हणून उंच धरली. मग महाराजांनी जवळ बोलावलं, सिंहासनाच्या पायथ्याशी वस्त्रं दिली आणि निरोप दिला. गुडघे टेकल्याचं तो लिहीत नाही. एका मूर्तीऐवजी दोन करा, वाकलेला इंग्रज आणि हात वर केलेला शेणवी. झुंबर मात्र काढून टाका हो.

सीनकाठचा
पॅरिसहून लिहितोय. समोर बसून काढलं म्हणजे खरं, असं तरी कुठे असतं? नेपोलियनचा राज्याभिषेक २ डिसेंबर १८०४ चा, नोत्र दामच्या चर्चमध्ये. चित्रकार दाविद तिथे हजर होता. लूव्रमधलं त्याचं चित्र सुमारे सहा मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. त्यात नेपोलियनची आई मधोमध सज्जात बसलीय. ती त्या दिवशी रोममध्ये होती, समारंभाला आलीच नव्हती! पोपचे हातही आधी मांडीवर होते, नेपोलियनच्या सांगण्यावरून ते आशीर्वादाला उचलले. मुकुट त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, तेच आधी काढायचं ठरलं होतं. मग तो बायकोला, जोसेफिनला, मुकुट घालतोय असं काढलं. गिऱ्हाईकच बादशहा, चित्रकार करणार काय.

रायगडवारी
म्हणजे जिजाऊसाहेबही देखाव्यातून काढायच्या का? भावना दुखावतील लोकांच्या.

बोरूबहाद्दर
मुळीच काढू नका. नेपोलियनच्या आईसारखं हे नाही. जिजाऊ हयात होत्या, राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला वारल्या. फक्त सिंहासनाला खेटून बसवू नका, कारण ऑक्झिंडेनने मोजलेल्या माणसांत त्या नाहीत. एका बाजूला, चिकाच्या पडद्याआड दाखवा.

आणि सभासदाच्या बखरीतलं बत्तीस मण सोन्याचं सिंहासन पाटीवर लिहायचं असेल तर "सभासद लिहितो" असं लिहा. बखर राज्याभिषेकाला वीसेक वर्षं उलटल्यावर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली आहे. तिथेही हुकूम राजाचाच.

देखावेवाला
सगळ्यांचे आभार. मेहुण्यांना ऑक्झिंडेनचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मासे चालतील, झुंबर राहू दे, त्याची एलईडी माळ आधीच आणलीय. वाटाघाटी चालू आहेत. तराजूची पारडी पत्र्याची करून वर सोनेरी वर्ख लावतोय, पण पंख्याच्या वाऱ्याने एक पारडं खाली जातं. दोन्ही सारखी कशी ठेवायची?

बोरूबहाद्दर
दांडी भाल्याला झाळून टाका, साखळ्यांत तार घाला.